स्वावलंबी कलावंत अनुदान योजना

हल्ली ज्याला त्याला स्वतंत्र कलावंत व्हायचंय. सरकारचं अनुदान नको, कंपनीचा सीएसआर नको, अकादमीची शालही नको. ‘आम्ही आमच्या पैशानं करतो’, हे प्रयोगाआधीच्या घोषणेत मोबाइल बंद करायला सांगण्याच्याही आधी सांगतात. पण कुणी अनुदान मागायलाच आलं नाही, तर नाकारायचं कुणाला? कचेऱ्या ओस पडतील. म्हणून आमची नम्र सूचना आहे, की शासनाने ‘स्वावलंबी कलावंत अनुदान योजना’ तातडीने सुरू करावी. कुणाकडूनही पैसे न घेणाऱ्याला रोख ५०,००० रुपये. रक्कम खात्यात जमा होताच लाभार्थी अपात्र ठरेल आणि वसुलीची नोटीस निघेल.

अर्ज तीन प्रतींत. सोबत ‘मी कोणत्याही संस्थेशी संलग्न नाही’ असं, नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र. मागील ३ वर्षांचा ताळेबंद, तोही तोट्यातला. नफा दिसला तर कलेबद्दल शंका घेतली जाईल.

योजना चालते का बघायला आम्ही काही जुनी प्रकरणं छाननीला घेतली.

अर्जदार धुंडिराज गोविंद फाळके. प्रकल्प: ‘राजा हरिश्चंद्र’. जोडलेला नमुना: वाटाण्याचं रोप उगवतानाची फिल्म. समितीचा शेरा: ‘कथानक नाही. विषय कृषी खात्याचा, तिकडे वर्ग करावा.’ तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे केले. शेरा: ‘महिला कलावंतांचं प्रमाण शून्य.’ पण अर्ज खरा अडला तो निधीच्या रकान्यात. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज आणि पत्नीचे दागिने! सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक केला आणि कच्च्या फिल्मला भोकंही पाडली. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य चष्मा काढून म्हणाले, ‘मग हे स्वतंत्र कुठले? यांना शंभर टक्के अनुदान आहे.’ अर्ज बाद. चित्रपट १९१३ साली गिरगावात लागला तो लागलाच. सरकारने फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू केला. ते स्वतः १९४४ मध्येच गेल्याने त्यांना मुदतीत अर्ज करता आला नाही.

दुसरी फाइल दादरची. सत्तरच्या दशकात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेचा हॉल घेतला आणि मराठी प्रायोगिक रंगभूमी तिथे वर्षानुवर्षं नांदली. नाट्यगृह म्हणावं तर ही शाळा. बाहेर दादरचा बाजार आणि गल्लीत बटाटेवडा. समितीने एकच खुलासा मागवला: ‘वड्याचा वास प्रयोगात येतो. वडेवाले प्रायोजक आहेत काय?’

पुण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं निघालं. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२चं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. तिकडे श्रीराम लागू कान-नाक-घसा. म्हणजे मराठी रंगभूमीला सांस्कृतिक खात्यापेक्षा वैद्यकशास्त्रानेच जास्त पोसलं, आणि तेही उपयोगिता प्रमाणपत्र न मागता. आता तो मान आयटीकडे गेलाय. दिवसा हिंजवडीत कोड लिहायचा, रात्री साडेनवाला तालीम. मध्येच क्लायंटचा कॉल आला की राजा विंगेत जाऊन इंग्रजीत माफी मागतो आणि परत येऊन प्रधानाला सुळावर चढवतो. उरलेला खर्च बायकोच्या पगारातून. ही संस्था मात्र वार्षिक अहवाल मागते, तोही तोंडी आणि रोज.

एका मंडळाचं मात्र कौतुक केलंच पाहिजे. तुम्ही सरकारचा एक रुपयाही घेऊ नका, तरी नाटकांचं सेन्सॉर बोर्ड, म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, तुम्हाला वाऱ्यावर सोडत नाही. पैसे देणार नाही, पण संहिता सगळ्यांच्या आधी वाचणार. इतका मन लावून वाचणारा वाचक मराठी लेखकाला दुसरीकडे कुठे मिळतो?

आता प्रश्न उरतो निधीचा. पात्र अर्जदार निघणार नाही हे उघड आहे, आणि ३१ मार्चला पैसे परत गेले तर खात्याची नाचक्की. तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पंचतारांकित हॉटेलात ‘कलेचं स्वातंत्र्य’ या विषयावर दोन दिवसांचा परिसंवाद घ्यावा. वक्त्यांना विमानाचं तिकीट, मानधन, मुक्काम. जेवणानंतर पाहुणे पेंगतात, त्या वेळात एखाद्या स्वतंत्र नाट्यसंस्थेला वीस मिनिटं द्यावीत. त्यांना प्रमाणपत्र आणि चहा. नेपथ्य आणि प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा. पैसे देऊ केले, तर बिचारे अपात्र ठरतील.