हिंग आणि तांबं

मलाजखंडच्या खाणीत शंभर किलो दगड फोडला की जेमतेम किलोभर तांबं निघतं. बाकी सगळं टाकायचं. आयुष्यभर हेच बघितलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करत असेल? आमच्या शेजारचे काका अजूनही टाकतात. निरोपातला अर्धा भाग टाकतात, आहेराच्या यादीतली नावं टाकतात. कुणी दुखणं सांगायला बसलं तर तिसऱ्या वाक्याला हात वर करून म्हणतात, "मोठा आकडा सांगा. बाकीचे राहू द्या."

हा मोठा आकडा म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू. नोकरीत काकांपुढे नमुन्यांचे तक्ते असायचे. एका ओळीत एक नमुना, आणि रकान्यांत तांबं, मॉलिब्डेनम, सोनं, चांदी. तिथेच हे वेड लागलं. "तक्ता म्हणजे यंत्र हो," ते मला फाटकात अडवून सांगतात. "एक मापाची काठी त्यात घालायची. ती कुठल्या दिशेनं धरली की सगळ्यात जास्त लांब होऊन बाहेर पडते, ते शोधायचं. ती लांबी म्हणजे पहिला आकडा." आणि शोधायची कशी? "कशीही धरा! तक्त्यातून काढा, मग ओळींचे रकाने केलेल्या तक्त्यातून परत आणा, लांबी पुन्हा एकावर आणा, पुन्हा घाला. काठी आपोआप वळत जाते." एवढं होईस्तोवर माझी बस गेलेली असते.

स्टॅनफर्डच्या जीन गोलब यांनी 1965 साली विल्यम काहान यांच्याबरोबर हे आकडे काढण्याची, म्हणजे 'सिंग्युलर व्हॅल्यू डीकम्पोझिशन' किंवा एसव्हीडीची, पक्की रीत मांडली. त्यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवर 'प्रोफ एसव्हीडी' असं होतं. ते ऐकल्यापासून काकांच्या स्कूटरच्या मडगार्डवर 'एसव्हीडी' रंगवलेलं आहे. लोकांना ते कुठल्याशा खात्याचं नाव वाटतं. एकदा नाक्यावर हवालदारानं सलाम ठोकला, तेव्हापासून काका रंग दरवर्षी उजळून घेतात.

घरात मात्र काकांची काठीची रीत अडखळते. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे असले की काठी वळता वळत नाही, आणि टीव्हीच्या रिमोटवर काका आणि काकू दोघांची पकड सारखीच. मॅच आणि मालिका यांच्यामध्ये तो रिमोट रात्री दहापर्यंत नुसता फिरत असतो. पहिला आकडा कुणाचा, हे काका आजवर बोललेले नाहीत.

मग किराण्याची पाळी आली. काकांनी वर्षभराच्या याद्या किलोत मांडून तक्ता केला. पहिली दिशा आली तांदूळ, कणीक, तेल, साखर अशी. हिंग पन्नास ग्रॅम, म्हणजे 0.05. नगण्य! हिंग गळला, मोहरी गळली, वेलदोडे गळले. पिशवी घेऊन काका विजयी मुद्रेनं घरात शिरले.

"एकार्ट आणि यंग यांनी 1936 सालीच सिद्ध केलंय," ते म्हणाले. "मोठे आकडे ठेवून बारीक सोडले की चूक कमीत कमी राहते."

"त्या दोघांना बोलवा जेवायला," काकू म्हणाल्या. "त्यांनाच वाढते हे वरण."

काकांनी एक घास घेतला आणि थांबले. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "खाणीतलं सोनंही असंच सोडून देत होतात का हो?"

घर चिडीचूप. कारण तांबं टक्क्यांत मोजतात आणि सोनं टनामागे ग्रॅममध्ये. असे रकाने शेजारी ठेवायचे तर आधी प्रत्येकाला त्याच्याच मापानं भागून एका पातळीवर आणायचं, हा या विद्येचा पहिला धडा. तो काकांनी कितीतरी शिकाऊ पोरांना दरडावून शिकवला होता. स्वयंपाकघरात तेवढा विसरले.

गेल्या रविवारी काका पुन्हा दुकानात गेले. हिंगाच्या दोन डब्या आणल्या. तांदूळ राहिला.