आधी वस्ताद, मग वास्तू

नांदेडच्या आमच्या विद्यापीठात खेळ आणि कलेसाठी मिळून एक नवी इमारत असावी, या कल्पनेला आमचा जाहीर पाठिंबा आहे. खाली कबड्डी, वर कथक. आवाज दोन्हीकडून येणार, तेव्हा तक्रार कुणी कुणाची करायची नाही.

आमच्याकडच्या माणसाला यात नवल काहीच नाही. नांदेडहून लातूरला निघालं की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते, लावणी महोत्सव होतो, लोककलावंत हजेरी लावतात, शिवाय घोडे-गाढवांचा बाजार भरतो. क्रीडा व कला संकुल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? याला फक्त छप्पर नाही, म्हणून फीत कापायची राहून गेली.

छपराचं मात्र आम्हाला भय वाटतं. आपल्याकडे इनडोअर हॉल म्हणजे वर पत्रा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असलं की आत खेळाडूचं भरीत होतं. तरीही हॉल रिकामा राहत नाही, कारण तो ‘बहुउद्देशीय’ असतो. निवडणूक आली की मतमोजणी, परीक्षा आली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, भरती आली की उमेदवारांची रांग. उरलेल्या दिवसांत कुलूप. किल्ली ज्या शिपायाकडे, तो रजेवर. एवढ्या उद्देशांत खेळ हा उद्देश बसवायचा कुठे, असा प्रश्न प्रशासनालाही पडत असणार.

आता जरा आमच्या मातीचा हिशेब. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातुरातच महाराष्ट्र केसरी झाले. पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. मात्र ते घडले कोल्हापुरात आणि त्यांनी पुढची पिढी घडवली ती पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार लातूर जिल्ह्यातलेच, पण त्यांचंही कुस्ती केंद्र पुण्यात. म्हणजे पोरं आमची, हाडं आमची, ज्वारीची भाकरी आमची आणि आखाडा दुसऱ्याचा. ही पोरं तिकडे टाइल्स बघायला गेली नव्हती, वस्ताद बघून गेली. तिकडे तालमीला वस्तादाचं नाव असतं. आपल्या संकुलाला कुणाचं नाव द्यायचं यावरून आधी दोन गट पडतात, मग दोन मोर्चे निघतात, मग पाया खोदला जातो.

कलेची गत वेगळी नाही. युवक महोत्सव पंधरा दिवसांवर आला की कॉलेजच्या सायकल स्टँडखाली भारूड उभं राहतं. ढोलकीवाला भाड्याचा, नऊवारी कुणाच्या तरी आत्याची, घुंगरू शेजारच्या कॉलेजकडून उसने. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर. मानधन कधी मिळेल हे खंडोबालाच ठाऊक. एवढं करून पोरं बक्षीस आणतात आणि दुसऱ्या दिवशी फोटोत संस्थाचालक मधोमध उभे असतात. ढोलकी वाजवणारा फोटोत कुठे आहे, ते शोधून काढणाऱ्यास आमच्यातर्फे चहा.

लातुरात तर बारावीच्या पोराचा व्यायाम म्हणजे एका ट्यूशनवरून दुसऱ्या ट्यूशनला पळणं. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर घडवले, इंजिनिअर घडवले, सूर्यनमस्कार अभ्यासक्रमाबाहेर राहिले. आता नव्या शैक्षणिक धोरणाने खेळ, योग आणि कलांना क्रेडिट दिलं आहे. त्यामुळे लवकरच ‘लांब उडी : अपेक्षित प्रश्नसंच’ बाजारात आला तर दचकू नका. उडी मारायची कुठे, हे विचारू नका. तिथे पार्किंग आहे.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे त्याच्या पदरात. किनवटहून विष्णुपुरीचा परिसर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, लातूरहूनही जवळपास तेवढाच. तिथली पोरगी संध्याकाळी सरावाला येणार कशी, एसटीने की पुष्पक विमानाने? इमारत बांधायचीच तर तिचा एक तुकडा लातूरच्या उपकेंद्रात टाका, एक किनवटकडे.

आणि रॅम्प करा, तो नॅकच्या समितीला दाखवण्यापुरता नको. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा धरला. त्या व्हीलचेअर वापरतात आणि बसून गोळा फेकतात. आपल्या बहुतेक मैदानांवर त्यांना गोळ्यापर्यंत पोचवायला चार जण लागतील. तेव्हा रॅम्प मैदानात उतरला पाहिजे आणि स्वच्छतागृहापर्यंतही गेला पाहिजे.

कोनशिलेला आमची हरकत नाही. नावं कितीही कोरा, संगमरवर सहनशील असतो. विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती. भूमिपूजनाची पत्रिका हातात पडली की मंडपात बसण्याआधी तीन प्रश्न विचारा : शिकवायला पूर्णवेळ माणूस कोण? त्याचा पगार कोणत्या खात्यातून? आणि संध्याकाळी सहा ते नऊ दार उघडं राहणार का? तिन्ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.