फुफाटेराव हट्टेकर यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमंत फुफाटेराव हट्टेकर,
मु. पो. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली.
(दुसरा पत्ता: परभणी-वसमत रस्त्याच्या दोन्ही कडा, सर्व पाणंद रस्ते आणि आमची कपाटे.)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले अभिनंदन करायचे फार दिवसांपासून मनात होते. मोटारीच्या इंजिनात शिरण्यासाठी आपण आजवर काय हाल सोसलेत, ते सारा गाव जाणतो. कंपनीवाल्यांनी वाटेत काळा प्लास्टिकचा डबा बसवला, डब्यात घड्याघड्यांचा कागद ठेवला, कागदाला रबराची कोर लावली, वरून क्लिपा आवळल्या. आपण वर्षानुवर्षे त्या कागदावर डोके आपटलेत. आता आपले दिवस फिरले. तरण्या पोरांनी तो डबाच काढायला घेतला आहे. जुनी अल्टो नाहीतर स्विफ्ट घ्यायची, नांदेड गाठायचे आणि डब्याच्या जागी लाल रंगाचा, चकचकीत टोपणाचा कोन फिल्टर बसवून यायचे. दार उखडून तोरण तेवढे ठेवावे, तसे झाले आहे. या, आत या.

संधी केवढी आहे, ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे 11 किलो हवा लागते, म्हणजे नऊ-दहा हजार लिटर. 35 लिटरची टाकी संपेपर्यंत तीन लाख लिटरांहून जास्त हवा त्या नळीतून जाते. आणि आपल्याकडची हवा नुसती हवा कधी असते? दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणी यंत्राचे भुस्कट, उन्हाळ्यात हळदीच्या पॉलिश ड्रममधून उडणारा पिवळा गर्दा, आणि बारमाही मुरूम-खडीचे टिप्पर. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या अर्जाचे काय झाले, कळले नाही.

मान मिळाला तो आपल्या अमेरिकेतल्या भावकीला. हवेचे फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 5011. तिच्यात ठरावीक आकाराच्या कणांची धूळ तोलून फिल्टरवर सोडतात आणि किती अडली, किती निसटली ते मोजतात. ही धूळ मूळची ऍरिझोनाच्या वाळवंटातली, म्हणून ‘ऍरिझोना टेस्ट डस्ट’ याच नावाने ओळखली जाते. बरा कागदी फिल्टर तिच्यातली 99 टक्क्यांच्या वर धूळ धरून ठेवतो. आपण एवढीच काळजी घ्या, की आमची पोरे दुकानात हा आकडा विचारणार नाहीत. तशी भीती नाहीच. ती विचारतात, “पिकअप किती वाढंल?”

आपली खरी भीती पोरांच्या बापांची आहे. बापाच्या ट्रॅक्टरला बॉनेटच्या वर नळी काढलेली असते, कारण जमिनीपासून जितके वर जावे तितके आपण विरळ. नळीच्या डोक्यावर जाडा गर्दा गोळा करायची वाटी. जुन्या ट्रॅक्टरांत खाली ऑइल बाथ: हवा तेलावर आपटते, आपण तेलात बुडता, हवा जाळीतून पुढे जाते. रोटाव्हेटरच्या दिवसांत बाप तो डबा खोलतो, तळाचा चिखल खरवडतो, नवे तेल ओततो आणि मगच किल्ली फिरवतो. त्याने मायक्रॉन हा शब्द ऐकलेला नाही. पण धुळीने पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या की इंजिन कामाचा खर्च किती येतो, हे त्याला तोंडपाठ आहे. त्याच अंगणात, त्या ट्रॅक्टरच्या शेजारी, चिरंजीव बॉनेट उघडून फिल्टर उघडा टाकतात आणि फोटो काढतात. ट्रॅक्टरला आपण शत्रू आणि मोटारीला पाहुणे, हा निवाडा कोणत्या पंचायतीने दिला?

पिकअपचेही सांगतो, आपल्याला गंमत वाटेल. पेट्रोल गाडीत हवेची वाट मुद्दाम अडवणारी झडप असते, थ्रॉटल. गावातल्या चालवण्यात ती बहुतेक वेळ अर्धीसुद्धा उघडत नाही. मग तिच्या अलीकडचा फिल्टर कितीही मोकळा असो, इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. राहिले ऍव्हरेज. 2009 मध्ये अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने आधुनिक पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम कोंडून पाहिले. जोर कमी झाला, पण ऍव्हरेज म्हणावे तसे घसरले नाही. कोंडलेल्या फिल्टरने जे फारसे कमी होत नाही, ते नव्या लाल फिल्टरने वाढणार कुठून?

उलट, डबा बाहेरची हवा घेतो, उघडा कोन मात्र रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे सरकलेला असतो. म्हणजे पैसे देऊन ताकद घटवण्याची सोय. आवाज मात्र वाढतो, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. डब्यातली आवाज गिळणारी पोकळी गेली की ऍक्सिलरेटर दाबताच घोंगावणे सुरू होते, आणि कानाला जे ऐकू येते ते पोरांच्या पाठीला पिकअप म्हणून जाणवते.

ज्यांना घोंगावण्यावर समाधान नाही ते पाइप खाली बंपरपर्यंत नेतात, ‘कोल्ड एअर’ म्हणून. तिथे आपण रस्त्यावरून उठताक्षणी सापडता. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी पुलावर आले तर तेही त्याच वाटेने आत. पाणी दाबले जात नाही, म्हणून वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

तेल लावलेल्या सुती फिल्टरांवर मी सरसकट टीका करणार नाही. कॅलिफोर्नियात सुरू झालेली के अँड एनसारखी कंपनी 1969 पासून ते विकते आहे. सुरुवात मोटारसायकलींपासून झाली, आणि शर्यतीच्या गाडीचे इंजिन वरचेवर उघडले जाते, तिथे हे गणित जमते. मूळच्याच डब्यात बसणारा तसला फिल्टर घेऊन वेळच्या वेळी धुतला, बेताचे तेल लावले, तर तो कामही देतो. पण बेताचे म्हणजे किती? कमी लावले तर आपण आत. जास्त लावले तर ज्या गाड्यांत हवा मोजणारी तार असते तिच्यावर तेलाचा थर. हट्ट्यात हे दर काही हजार किलोमीटरला कोण करणार, हे आपणच सांगा.

कागदवाल्यांतही आपले मित्र आहेत. पंक्चरच्या दुकानात फिल्टरला कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारणारे आणि टायरवर आपटून तो ‘साफ’ करणारे. कागदावर बसलेला पातळ थर आपल्या मागून येणाऱ्या बारीक भावंडांना अडवत असतो, हे त्यांना माहीत नाही. कोऱ्या कागदापेक्षा असा थर बसलेला कागद जास्तच चांगला अडवतो. ते तो थर झाडतात, वर कागदाला भोकही पाडतात. मग 10-20 मायक्रॉनचे आपले सरदार, केसाहून कितीतरी बारीक, रिंग आणि सिलिंडरच्या मधल्या तेलात जाऊन बसतात. आपल्या अंगात काळ्या पाषाणाची पूड आहे, बिडाहून कठीण. पुढे निळा धूर आणि ‘काम काढावं लागंल’ हे वाक्य.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
रोज आपल्याला कपाटावरून पुसणारा एक हट्टेकर

ता. क. हे पत्र पोरांच्या हाती पडलेच तर त्यांनी एवढे करावे. कंपनीचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी बदलाची वेगळी, कमी मुदत दिलेली असते, तीच आपली समजावी. बसवताना रबराची कोर खाचेत नीट बसली का आणि सगळ्या क्लिपा लागल्या का, ते पाहावे. महिन्याभराने फिल्टरच्या पुढच्या नळीत पांढरे फडके फिरवावे. फडके मळले, तर हवा कुठून तरी फिल्टर चुकवून जाते आहे. आधी ती फट बुजवा, लाल फिल्टरचे नंतर पाहू.