सर्व्हरवरची वकिली
छोट्या वकिली कार्यालयाचे आधुनिकीकरण ई-कोर्ट्स ॲपपासून सुरू होते. खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख क्षणात कळते. पूर्वी त्यासाठी कारकुनाकडे खेटे घालावे लागत. तारीख पडण्याचा वेग मात्र जुनाच. ई-फायलिंगसाठी दावा टाइप करून छापायचा, सही करून स्कॅन करायचा, अपलोड करायचा. शिवाय कागदी गठ्ठा हाताशी असलेला बरा. कृत्रिम बुद्धिमत्ता निवाडे झटपट शोधते, प्रसंगी कधीच न झालेलेही. राहिला व्यवसाय वाढवण्याचा प्रश्न. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरातबंदी आहे. २००८ पासून संकेतस्थळाची मुभा मिळाली, पण त्यावर नाव, पत्ता-फोन-ईमेल, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढेच. म्हणून नवे पक्षकार अजूनही कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवरच मिळतात.