पायाची काळजी

आमच्या घरी एक पाय आहे. रास्पबेरी पाय. आईच्या कानापर्यंत त्यातली रास्पबेरी कधी पोचलीच नाही. त्यामुळे ‘आज पाय फार तापलाय’ असं मी पुटपुटलो की ती स्वयंपाकघरातून म्हणते, ‘मग खोबरेल चोळ जरा.’

८५ बाय ५६ मिलिमीटरची हिरवी पट्टी, एटीएम कार्डाच्या मापाची. पण पुरता कॉम्प्युटर. पोरांनी स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या ईबन अप्टन आणि मंडळींनी तो काढला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला बाजारात आला. (वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. काटकसर जन्मतारखेपासून.) माझ्याकडचा त्याच घराण्यातला चौथा. काम एकच: गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मोजून माझ्या मोबाइलवर कळवायचं. पूर्वी हे काम आई करायची, अंगणात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून.

माझ्याकडे तो आला तो उघडाच. निवारा म्हणून मी त्याला श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा दिला, उदबत्तीने भोकं पाडून. आठवडाभर कॉम्प्युटरला वेलचीचा वास येत होता. पण प्लास्टिकमध्ये उष्णता कोंडते. मे महिन्यात पारा ८० अंशांना टेकला, आणि ८० ला पोचला की हा गडी स्वतःच वेग कमी करतो. बंद पडत नाही, रेंगाळतो. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कचेरीसारखा. मग ॲल्युमिनियमची केस मागवली. पंखा नाही, आवाज नाही. चिपवर मऊ थर्मल पॅड ठेवून झाकण आवळायचं, की अख्खी पेटी उष्णता ओढून बाहेर टाकते. पारा ५५ वर उतरला. फक्त त्या चिलखतात त्याला वायफाय नीट ऐकू येईना, म्हणून राउटरच्या मांडीला मांडी लावून बसवला.

तेवढ्यात वळीव आला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली. पायाची सगळी अक्कल नखाएवढ्या मेमरी कार्डात असते, आणि त्यावर काही लिहीत असताना वीज गेली तर वाक्य अर्धं राहतं. एवढ्यानेही कधीकधी अख्खं कार्ड बिघडतं. माझं बिघडलं. सगळं पुन्हा भरण्यात रविवार गेला. शिवाय याच्या पोटात स्वतःचं घड्याळ नसतं. इंटरनेट मिळेपर्यंत हा वीज गेली त्याच सुमाराची वेळ धरून बसतो, दुपारी डुलकी लागलेल्या माणसासारखा: ‘छे, मी कुठे झोपलो होतो?’

आधी पॉवरबँक लावून पाहिली. पण वीज गेली की माझी पॉवरबँक क्षणभर विचार करायची, आणि त्या क्षणात पाय गार. शेवटी त्याच्यासाठीच बनवलेला यूपीएस बोर्ड घेतला. त्यात दोन जाडजूड सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून नाव १८६५०. नावात सरळ माप सांगणारं कुणी असलं की मला बरं वाटतं. बोर्ड ३.७ व्होल्टचे ५ करतो, आणि सेल उतरत आले की पायाला सांगतो, बाबा रे, आवरून घे. मग तो रीतसर बंद होतो.

तर असा हा बोर्ड पायाच्या खाली बसतो. स्प्रिंगच्या टाचण्या खालून टेकतात. आणि ॲल्युमिनियमची केस खालून बंद. दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे उत्तम होत्या. एकत्र नांदायच्या नव्हत्या. लग्न ठरवणाऱ्यांना हे माहीत असतं, मला खोकं उघडल्यावर कळलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाच होता. आता मसाल्याला भांडं हवं. पुढच्या सणाला श्रीखंड एक किलो आणलं. डब्याला या वेळी झाकण लावलेलं नाही. रिकाम्या चिलखतात आई वाती ठेवते.

परवा संध्याकाळी लाइट गेली. घरभर अंधार, आणि डब्यात हिरवा ठिपका लुकलुकतोय. मी आईला हाताला धरून दाखवायला आणलं.

‘काय करतोय?’

‘टाकी मोजतोय.’

‘किती भरलीय?’

‘ते नाही कळणार. राउटर बंद आहे ना.’

‘आणि रिकामी असली तर?’

‘लाइटीशिवाय मोटार कशी लावणार?’

आईने ठिपक्याकडे थोडा वेळ पाहिलं. ‘मोजू दे बापड्याला,’ म्हणाली, आणि मेणबत्ती शोधायला गेली.