काकूंच्या तोंडातला चिमटा
दोरीवर कपडे वाळत घालता घालता काकूंनी कुंपणावरून मान काढली, तेव्हाच ओळखलं, आज माझा चहा गार होणार.

"अगं, ल्युटनच्या घराचं भाडं याही महिन्यात नाही. दोन महिने झाले!"

"पण भाडेकरूला सरकारी मदत, युनिव्हर्सल क्रेडिट, चालू आहे ना?"

"आहे की! घरभाड्यासकट. पण जातं त्याच्याच खात्यात. गोदामात तास कमी केले म्हणे, त्यात गाडी बिघडली. आमच्या भाड्यात गाडी दुरुस्त झाली बघ. आमचे हे निघाले होते कुलूप बदलायला."

"नका हो! इथल्या १९७७च्या कायद्यानं गुन्हा आहे तो. काकाच कोर्टात उभे राहतील."

काकूंनी चिमटा दातांत धरला. एरवी गप्प बसायची त्यांना सवय नाही.

"आमचा मागचा भाडेकरू आठवतो? भिडेपोटी मी पाच महिने थांबले. तुम्ही थांबू नका. दोन महिन्यांचं थकलं की घरमालकानं ऑनलाइन अर्ज करायचा, भाडं थेट मला द्या म्हणून. भाडेकरूची परवानगी लागत नाही. थकलेलंही थोडं थोडं कापून देतात. मात्र मंजूर रक्कम भाड्याला पुरत नसेल, तर वरचे पौंड त्याच्याकडेच मागायचे."

"त्यापेक्षा कारण न देता घर रिकामं करायला लावणारी कलम २१ची नोटीस दिली की मोकळे!"

"ते कलम गेलं, काकू. १ मे २०२६ला."

"महाराष्ट्रदिनी? मुहूर्त बघून काढलं मेल्यांनी!"

"आता कलम ८. हमखास ताबा हवा तर तीन महिन्यांचं थकलेलं लागतं, पूर्वी दोनचं चालायचं. नोटीसही दोन आठवड्यांची चार झाली. शिवाय घरभाड्याचे सरकारकडून यायचेच राहिलेले पैसे त्या थकबाकीत धरत नाहीत."

"म्हणजे उशीर सरकारचा आणि कळ आम्ही सोसायची? सासऱ्यांची गिरगावात चाळ होती ना, तीच तऱ्हा. १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला नि भाडं १९४०च्या आकड्यावर थिजलं. खोल्यांत भाडेकरूंची नातवंडं नांदली, सासरे गेले, खटला आहे तिथंच. म्हणून तर ह्यांनी इथं घर घेतलं. म्हणे, विलायतेत कायदा चोख!"

चोख आहेच, पण दोन्ही बाजूंनी, हे मी मनातच ठेवलं. ल्युटनच्या भाडेकरूची धाकटी यंदाच शाळेत जायला लागली, हे काकूंनीच मला मागच्या आठवड्यात कौतुकानं सांगितलं होतं.

"बरं, त्याचं डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत भरलंत ना? नाहीतर कोर्ट ताबा देत नाही, वर तिप्पट दंड होऊ शकतो."

"डिपॉझिट?" काकूंनी खिडकीकडे पाहिलं. आत काका पेपर वाचत होते. "ते ह्यांनी मुदत ठेवीत टाकलंय. व्याज बरं मिळतं म्हणून."

आणि दुसरा चिमटा तोंडात गेला.