धक्का फुकट, एकांत महाग

मुंबई महाग आहे, हे आम्हां कोल्हापूरकडच्या माणसांना लहानपणापासून पाठ असतं. सुट्टीला येणारा प्रत्येक मुंबईकर नातेवाईक ते सांगतो, आणि सांगताना आमच्या अंगणाकडं, माडीकडं अशा नजरेनं बघतो की आपणच त्याचं काहीतरी देणं लागतो असं वाटावं. पण नेमकं काय महाग, असं विचारलं की बोलणं जागेच्या भावावर जातं आणि तिथंच बसतं. आता दोन दिवस फिरायला जाणाऱ्याला काही फ्लॅट घ्यायचा नसतो. त्याच्या खिशापुरतं बोलायचं तर माझं मत असं झालं आहे, की मुंबईत चार माणसांत घुसून जे काही करता येतं ते स्वस्त आहे. तेच जरा ऐसपैस, धक्का न लागता करायचं म्हटलं की मीटर पडतो.

लोकलचंच बघा. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट पाच रुपये. पहिल्या वर्गाचं २०२२मध्ये निम्मं केलं, तरी पंचवीस. गाडी तीच, रूळ तेच, उतरायची वेळ तीच. मग वरच्या वीस रुपयांत मिळतं काय? गादी जरा बरी आणि कोपरं जरा कमी. तीही सकाळी नऊच्या सुमाराला कमी असतील याची खात्री नाही. पण त्या वेळी लागणारी कोपरं निदान इस्त्रीच्या शर्टातली असतात, एवढं समाधान. घारापुरीला जाताना हाच न्याय पाण्यावर लागू होतो. लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये, बोटीचं त्याच्या कितीतरी पट, आणि बोटीच्या वरच्या मजल्यावर वाऱ्यात बसायचं असेल तर आणखी वेगळे. त्रिमूर्ती स्वस्त, वारा महाग.

हे शास्त्र मला शिकवलं आमच्या मामांनी. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणजे राज्यात एसटीचा प्रवास त्यांना २०२२पासून फुकट. तरी मुंबईला ते रेल्वेनंच जातात, आणि ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं २०२०मध्ये बंद केली ती केलीच, म्हणून पुरं भाडं भरून जातात. ‘‘एसटी फुकट हाय, खरं पाठ फुकट न्हाय,’’ असं त्यांचं म्हणणं. शिवाय यात एक बारीक हिशेब आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला टेकते. संध्याकाळी तिकडून निघालं की सकाळी घरी. म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम स्लीपरच्या बर्थवर, रेल्वेच्या खर्चानं, आणि मधला अख्खा दिवस मुंबई आपली. लॉजचा प्रश्नच येत नाही.

लॉजचा प्रश्न का येऊ द्यायचा नाही, हे एकदा मुंबई सेंट्रल स्टेशनवरचं पॉड हॉटेल पाहिल्यावर कळलं. २०२१च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं तेव्हा बारा तासांचा दर ९९९ रुपयांपासून होता. आत काय? एक आडवा खण, पडदा, दिवा, चार्जिंगची सोय. मामांनी आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाले, ‘‘अरं, हे तर आपलं कोंबड्याचं खुराडं. फक्त अंडी न्यायला कोण येत न्हाय एवढंच.’’ मला मात्र त्या पडद्याचं कौतुक वाटलं. मुंबईत पाठ टेकायला जागा फलाटावरही सापडते. ते ९९९ रुपये पाठ टेकायचे नव्हतेच, पडद्याचे होते.

मामा पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा गिरण्या चालू होत्या. त्या काळी आमच्या भागातल्या, साताऱ्याकडच्या, कोकणातल्या गावांची मुंबईत खोली असायची. गावकीची खोली. गावचा माणूस गेला की तिथं उतरायचा. ना आगाऊ पत्र, ना भाडं. एका खोलीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका, आणि झोपायची पाळी गिरणीच्या पाळीप्रमाणं. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. वळकटी गार होत नसे, असं मामा सांगतात. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांनीच पुढं १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात घरची माणसं, वर गावचा पाहुणा, आणि पाहुण्याला ‘अडचण होईल’ असं कुणी म्हटल्याचं मामांना आठवत नाही. अडचण सगळ्यांचीच होत होती, त्यामुळं ती सांगण्यासारखी बातमी नव्हती.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ते जग हळूहळू विस्कटलं. आता गिरण्यांच्या जागी मॉल आहेत. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातल्या मॉलमध्ये मी मामांना घेऊन गेलो होतो. गार हवा, लख्ख फरशी, बसायला बाकं, सगळं फुकट. मामांनी वर बघितलं, खाली बघितलं, एका दुकानातल्या शर्टाची किंमत बघितली आणि ‘‘आमच्या खोलीवाल्याचा वर्षाचा पगार,’’ एवढंच म्हणाले. नंतर बराच वेळ सरकत्या जिन्यावरून वर-खाली करत राहिले. त्याला पैसे पडत नव्हते.

गावकीच्या खोलीची जागा आता डोंबिवलीच्या नातेवाइकांनी घेतली आहे. कधी मुक्काम वाढलाच तर आम्ही तिथं जातो. जाताना गुळाची ढेप, काकवी, कांदा-लसूण चटणी. हे भाडं नव्हे, पण हिशेब दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. हॉलमध्ये आपली गादी पडते. त्या गादीवर आपण झोपलेले असताना त्या घरातली दोन माणसं सकाळी सहा बावन्नच्या लोकलसाठी आपल्याला ओलांडून, दिवा न लावता, डबे भरून, चप्पल हातात घेऊन बाहेर पडतात. मुंबईकर पाहुण्याला कंटाळतो असं आपण म्हणतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. त्याला आपला कंटाळा नसतो; दिवसभरात पाय पसरून एकट्यानं बसायची जी काय वीस मिनिटं त्याला हॉलमध्ये मिळत असतात, ती आपण गादीसकट व्यापलेली असतात.

असो. दिवसाकडं वळू. सीएसएमटीला उतरायचं, सामान क्लोकरूममध्ये टाकायचं. पिशवीला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. गावाकडून येणारे निम्मे लोक इथंच अडतात आणि स्टेशनबाहेर कुलूप विकणाऱ्याचा संसार चालतो. मग बाहेर येऊन मागं वळायचं आणि इमारत नीट बघायची. स्टीव्हन्ससाहेबानं १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं खर्चून उभारलेली ही वास्तू २००४पासून जागतिक वारशात आहे. रोज लाखो लोक तिच्यातून पळतात, बघायला उभा राहतो तो फक्त आपल्यासारखा. समोर ‘आराम’ आहे, १९३९पासूनचं. तिथं वडापाव. वडापाव ही मुळात कामावर पळणाऱ्याची न्याहारी. दादर स्टेशनाबाहेर १९६६च्या सुमाराला अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं मानतात. चालत, एका हातानं, ताट-वाटीविना खाता येणारं मुंबईनं काढलेलं जेवण. उभ्यानं खाल्लं तर एक भाव, बसून खाल्लं तर दुसरा, एसीच्या दालनात बसलात तर तिसरा. पदार्थ एकाच कढईतले. दादरच्या जुन्या मराठी उपाहारगृहांत बसायला मिळतं, पण टेबल आपलं एकट्याचं नसतं. समोर कोणीतरी अनोळखी थालीपीठ खात असतो आणि त्याच्या लोण्याकडं न बघता आपल्या मिसळीकडं बघायचं, हा तिथला शिष्टाचार.

पोट भरलं की ११५ नंबरची बस. वातानुकूलित, विजेवर चालणारी दुमजली, सीएसएमटी ते एनसीपीए. जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या १९३७पासून धावत होत्या, त्या २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. ही त्यांची नवी सून. मे २०२५मध्ये भाडी वाढली तरी एसी बसचं किमान तिकीट बारा रुपये. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा पकडायची. ती पकडण्यासाठी मामा शाळकरी पोरांशी स्पर्धा करतात आणि बहुधा जिंकतात. तेवढ्या पैशांत दक्षिण मुंबईच्या दगडी इमारतींचे पहिले मजले डोळ्यांच्या रेषेत येतात. हजारो रुपयांच्या सहलीतही मान वर करावी लागते.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून आहे, प्रवेश फुकट. दुपारच्या उन्हात हे स्थळ कार्यक्रमात हवंच. मामा एका भल्या मोठ्या निळ्या अमूर्त चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. डोळे मिटलेले, हात मागं. कोपऱ्यात बसलेला चित्रकार उठून आला. गिऱ्हाईक असावं अशी त्याला आशा वाटली की काय कोण जाणे. अदबीनं म्हणाला, ‘‘आजोबा, काय जाणवतंय?’’ मामा डोळे न उघडता म्हणाले, ‘‘लई गार वाटालंय.’’ चित्रकार खूश झाला. निळ्या रंगाचा तोच परिणाम त्याला हवा होता म्हणे. चित्राच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं, हे त्या दोघांपैकी मामांनाच माहीत होतं.

तिथून चालत टाउन हॉल. १८३३मध्ये पुरी झालेली इमारत, एशियाटिक सोसायटीची. तिच्या रुंद पायऱ्यांवर कुणीही बसतं. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. तिथला कट्टा म्हणजे माझ्या सिद्धान्ताला पडलेला एकमेव अपवाद. जोडपी ओळीनं, समुद्राकडं तोंड करून आणि शहराकडं पाठ करून बसलेली असतात. पाठीमागून मोटारी जातात, चणेवाला येतो, दोन हातांवर दुसरं जोडपं असतं, आणि कुणी कुणाकडं बघत नाही. भिंती नसल्या तरी पाठ फिरवून एकांत करता येतो, हे मुंबईकरांनी शोधून काढलं आहे. त्यांच्या मागच्या आर्ट डेको इमारती, तिकडं ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती, असं सगळं मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा ठरलं. मामांनी खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं आहे : ‘वारसा दोन नग, खर्च शून्य.’

एक एकांत मात्र पाठ फिरवून भागत नाही. तो शोधत फिरावं लागतं. पुरुषांचं कसंही निभतं. बाईमाणूस बरोबर असलं की फिरण्याचा नकाशाच त्यावर ठरतो. आमची मामी म्हणूनच मुंबईला पाणी कमी पिते आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणते. बायकांना मुतारी फुकट आणि स्वच्छ मिळावी म्हणून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ याच शहरात उभी राहिली, ती उगाच नाही. काटकसरीनं मुंबई बघणाऱ्यांनी कुठं खावं हे सगळे सांगतात. हे कुणी सांगत नाही, आणि खरी निकड हीच असते.

आणि काटकसरीनं मुंबईला येणारे सगळेच काही बघायला आलेले नसतात. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं दिसतात. कुणी नांदेडकडचं, कुणी पार बिहारचं. हातात एक्स-रेचा लिफाफा. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशांसाठीच आहे. तिथून जाताना मामांनी डायरी काढली नाही. ‘‘आपण हौशी,’’ म्हणाले, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत बोलले नाहीत. मग त्यांना रात्रीच्या गाडीची आठवण झाली आणि क्लोकरूमची पावती कुणाकडं आहे यावरून आमचं भांडण झालं. ती मामीच्या पर्समध्ये होती.

आता एक विनंती. मे महिन्यात तुमच्याकडंही मुंबईचे पाहुणे येतील. आल्या आल्या त्यांना पन्हाळा, जोतिबा, रंकाळा दाखवायची घाई करू नका. गाव कितीही देखणं असलं तरी त्यांना बघण्यापेक्षा पडून राहण्याची ओढ जास्त असते. माडीवरची खोली द्या, दार लोटून घ्या, पोरांना खाली बोलवा. तिथं घर किती चौरस फुटांचं, हा प्रश्न विचारू नका. जेवायला मात्र वेळेवर उठवा, कारण तांबडा-पांढरा गार झाल्यावर बरा लागत नाही.